ट्राउटमनची मान आणि आमरीनचं मनगट

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

महिलांची फुटबॉल टीम उभी राहिली. नावं दहा आली. त्यातल्या सहा जणींनी आजवर फुटबॉलला पायही लावलेला नाही आणि मला त्याची बिलकूल काळजी वाटत नाही.

झालं असं, की जानेवारीत गारखेड्याच्या क्रीडा संकुलात कंपन्यांमधल्या महिला कामगारांचे सामने आहेत, सात-सात जणींचे. आमची कंपनी शहराबाहेर शेंद्र्याला, गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवते. कामाला निम्म्याहून जास्त बायका. एचआरच्या विश्वजीत साहेबांनी परवा कॅन्टीनमध्ये विचारलं, "फुटबॉल कोणाला कळतो?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. साहजिक आहे. वीस-पंचवीस वर्षं मी इंग्लंडच्या मॅचा जागून बघतोय आणि दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या टेबलावर वायरी तपासता तपासता सगळ्यांना सांगतोय. मी स्वतः कधी खेळलो का, हे साहेबांनी विचारलं नाही. तरुणपणी आमखास मैदानावर जायचो, पण बहुतेक वेळ रेषेबाहेर उभं राहून ओरडण्यात गेला. खेळणं वेगळं आणि कळणं वेगळं. मला कळतं.

घरी सांगितलं तर राहत म्हणाली, "तुम सिखाएंगे? तुमकू तो जिना चढते सांस लगती." बायको कौतुक करेल अशी अपेक्षा मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडली आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

माझी पद्धत पहिल्याच दिवशी ठरून गेली. पहिली पाळी सुटली की सगळ्या कॅन्टीनमध्ये. आधी चहा, मग गोष्ट, मग मैदान. मैदान म्हणजे मालाच्या गाड्या लागतात ती मोकळी जागा, अर्धी मुरमाची, अर्धी सिमेंटच्या ठोकळ्यांची. गोष्ट चहाबरोबरच झाली पाहिजे. पोटात चहा आणि डोक्यात गोष्ट असली की माणूस पळतो.

आज सांगितलं, शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात प्रेस्टन गावी तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळायला लागल्या. डिक-कर लेडीज असं टीमचं नाव. १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांची मॅच बघायला त्रेपन्न हजार माणसं मैदानात आणि कितीतरी हजार फाटकाबाहेर. कारखान्यातल्या पोरी म्हटल्यावर आमच्या सगळ्या सरसावून बसल्या.

"मग?" सरिता म्हणाली. सरिता वाघमारे करमाडची, लाइन लीडर. तिनं हाक मारली की चालू मशीनसुद्धा थांबेल.

"मग पुढच्या वर्षी तिथल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी ठराव केला, बायकांना आपली मैदानं द्यायची नाहीत. पन्नास वर्षं दिली नाहीत."

"लईच झोंबलं म्हणायचं त्यांना."

मग मी लिली पारची गोष्ट सांगितली. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी, डाव्या पायात असा जोर की तिच्या एका किकनं एका पुरुष गोलकीपरचा हात मोडला म्हणतात. खरं-खोटं कोणी बघायला गेलं नाही, पण म्हणतात. टाळ्या पडल्या.

मागच्या बाकावरून आमरीननं विचारलं, "चाचा, त्या गोलकीपरचं पुढं काय झालं?"

आमरीनही करमाडचीच, टेपिंगच्या टेबलावर असते. वायरींच्या जुडग्याला टेप गुंडाळायला लागली की तिचा हात दिसत नाही इतका फिरतो. कंत्राटावर आहे, तीन वर्षं झाली. मी म्हणालो, "ते कुठं लिहिलेलं नाही, बेटा. गोष्ट लिलीची आहे."

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज नावं ठेवली. प्रत्येकीला एक इंग्लंडचं नाव. ही कल्पना मला बसमध्ये सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. सरिता झाली मूर, १९६६ चा वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन. कॅन्टीनच्या आवडाबाईंना मॅथ्यूज म्हटलं. त्या हट्टानं टीममध्ये आल्या आहेत, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, धावताना गुडघे कुरकुरतात. त्यांना सांगितलं, हा मॅथ्यूज पन्नाशी उलटली तेव्हाही पहिल्या दर्जाची लीग मॅच खेळला.

"पन्नास?" आवडाबाई म्हणाल्या. "मंग मला अजून टाइम हाय की." आणि तिथंच लाटणं ठेवून एक फेरी मारून आल्या.

गोलकीपर कोणी व्हायचं यावर मात्र सगळ्या खाली बघू लागल्या. आमरीन उठली. तिला नाव अजून दिलेलं नाही. चांगलं नाव द्यायचं आहे, घाई नको.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आजच्यासारखी गोष्ट मी आयुष्यात सांगितली नसेल. चहा गार झाला तरी कोणी कपाला हात लावला नाही.

बर्ट ट्राउटमन. जर्मन शिपाई, लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला, कैदेत राहिला आणि लढाई संपल्यावर तिथंच राहून मँचेस्टर सिटीचा गोलकीपर झाला. लोकांनी हजारोंचे मोर्चे काढले, शत्रूचा माणूस आमच्या गोलमध्ये नको म्हणून. तो गप्प राहिला आणि बॉल अडवत राहिला. १९५६ ची कपाची फायनल. शेवटची पंधरा-सतरा मिनिटं उरलेली. समोरून येणाऱ्या खेळाडूच्या पायावर त्यानं उडी टाकली, त्या माणसाचा गुडघा याच्या मानेवर. उठला तो मान धरून. उभं राहवत नव्हतं. तरी गोल सोडला नाही. पुढेही अंगावर घेऊन बॉल अडवले आणि सिटी तीन-एकनं जिंकली. तीन-चार दिवसांनी एक्स-रे काढला तर कळलं, मान मोडलेली होती.

मी शेवटचं वाक्य हळू आवाजात म्हणतो. तशीच पद्धत आहे.

 मग मी आमरीनकडं बघून म्हणालो, "हे तुझं नाव." ती लाजली नाही, हसलीही नाही. मान ताठ करून बसली. बाकीच्यांनी टेबलं वाजवली. आज तिनं आडवी उडी मारून दोन बॉल काढले, त्यातला एक सरिताचा. अशी पोरगी मिळायला नशीब लागतं.

शनिवार, ६ डिसेंबर

प्रॅक्टिस नाही. सरिता आणि आणखी चौघी अभिवादनाला गेल्या. शहरात सकाळपासून निळे झेंडे आणि पांढरे कपडे. मी घरीच. राहत दोन महिने सांगत होती तो नळ आज बसवला. गळतोय.

गुरुवार, ११ डिसेंबर

जोरदार प्रॅक्टिस. आता आमच्या पोरी पास देतात, एकमेकींना शिव्या देत का होईना, पण देतात. सरिताचा एक शॉट आमरीननं हात मागं वळवून अडवला आणि ती ठोकळ्यांवर आदळली. बराच वेळ उठेना. मी म्हणालो, "ट्राउटमन." उठली. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. मग तिनं उरलेली प्रॅक्टिस पूर्ण केली. एका शब्दाची जादू बघा. शिकवायला अंगात ताकद लागत नाही, हे राहतला सांगायला पाहिजे.

सोमवार, १५ डिसेंबर

कामाचं थोडं. टेपचा नवा लॉट खराब निघाला आहे. आमरीनच्या टेबलावरचा माल तीन वर्षांत कधी परत आला नाही आणि आज सात जुडग्यांची टेप ढिली. बोटानं ओढली तर सुटते. बाकीच्या टेबलांवर तीच टेप नीट बसते आहे, हे जरा विचित्र आहे, पण काहींच्या हाताला ऊब जास्त असते, थंडीत डिंक त्यांच्याकडं धरतो. मी लॉट अडवून ठेवला. डोळ्यांतून काही सुटत नाही माझ्या. तीस वर्षं उगीच नाही झाली.

गुरुवार, १८ डिसेंबर

टेपवाल्या कंपनीला कडक भाषेत तक्रार पाठवली.

प्रॅक्टिसला आमरीन ग्लोव्ह्ज घालूनच आली, ग्लोव्ह्ज घालूनच चहा प्यायली, तोही डाव्या हातानं. कंपनीनं दिलेल्या वस्तूवर असा जीव लावणारे हल्ली कुठं आहेत. तिनं एक विचारलं, "चाचा, ट्राउटमनला किती दिवसांनी कळलं मान मोडली ते?"

"तीन-चार दिवसांनी."

"तोवर काय करत होता?"

"जेवणावळीला गेला. जिंकल्याची मेजवानी होती. मान वळत नव्हती म्हणे, तरी गेला."

ती "हं" म्हणाली. माझ्या गोष्टी ती अशी घोळवत बसते. शिष्य असावा तर असा.

मंगळवार, २३ डिसेंबर

सरिता आज टेबलापाशी येऊन घुटमळली. हे तिच्या स्वभावात नाही. म्हणाली, "सर, आमरीनला जरा काही विचारा ना."

"काय विचारू?"

"असंच. बरीबिरी आहे का म्हणून."

मला लगेच उमगलं. आमरीनच्या घरी स्थळं बघताहेत असं मागं कानावर आलं होतं. गप्पगप्प असते, जेवताना एकटी बसते, त्याचं कारण हेच. सरितानं माझ्या वयाचा मान ठेवून मला मध्ये घालायचं ठरवलं असणार. पण असल्या बाबतीत परक्या माणसानं नाक खुपसू नये, असं माझं मत आहे. मी म्हणालो, "बघतो." आणि विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यातच मोठेपणा असतो.

सरिता जाताना नुसती बघत होती. तिला माझा संयम कळला असेल.

रविवार, ४ जानेवारी २०२६

सेमीफायनल जिंकलो. तीन-दोन.

हाफ टाइमला दोन गोलनं मागं होतो. पहिला गोल तर आमरीनच्या हातातून निसटून आत गेला. सगळ्या डोकं धरून बसल्या. मी इस्तंबूलची गोष्ट काढली, २००५ च्या युरोपच्या फायनलची. लिव्हरपूल हाफ टाइमला तीन-शून्यनं मागं, ड्रेसिंग रूममध्ये बसलेत, आणि बाहेर त्यांची माणसं गाताहेत, हरताना गाताहेत. सहा मिनिटांत तीन गोल. मी एवढं सांगितलं आणि रेषेबाहेर आवडाबाईंनी भीमगीत सुरू केलं, आमच्या वीसएक माणसांनी धरलं. सरितानं दोन मारले, तिसरा त्यांच्याच पोरीच्या पायाला लागून गेला. अशा गोलालाही गोलच म्हणतात.

आमरीनचं एक कौतुक लिहायलाच हवं. आज ती सगळे बॉल डाव्या हातानं फेकत होती. समोरच्या टीमला अंदाजच येईना. मी असं काही शिकवलं नव्हतं, तिनं आपल्या डोक्यानं केलं. मी विश्वजीत साहेबांना सांगितलं, "बघा, दोन्ही हातांची गोलकीपर." साहेबांनी फोटो काढला.

राहत पहिल्यांदा मॅचला आली होती. बसमध्ये म्हणाली, "वो गोलवाली बच्ची का हाथ ठीक है ना?" मी म्हणालो, तुला खेळ कळत नाही, तो डावपेच होता. ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

शनिवार, १० जानेवारी

उद्या फायनल, वाळूजच्या टीमशी. गोष्ट कोणती सांगू याचा विचार करत होतो, तर पोरीच म्हणाल्या, ट्राउटमनची पुन्हा सांगा. सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट आणखी रंगते. मला मात्र छातीत जरा धडधडतंय. हरलो तर? पोरींचं काही नाही, त्या तरुण आहेत. मला आयुष्यात कोणी फायनलला नेलेलं नाही. आमखासवर तर बदली खेळाडूंच्या बाकावरसुद्धा बसवलं नव्हतं. एकदा जिंकलेलं बघायचं आहे. एवढं लिहितो आणि झोपतो.

रविवार, ११ जानेवारी

हरलो. दोन-एक.

लिहावंसं वाटत नाही, पण हे आजच लिहिलं पाहिजे, उद्या मी त्याला काहीतरी रंग देईन.

पहिल्या हाफमध्ये सरितानं गोल मारला. एक-शून्य. वाळूजच्या पोरी धडका मारत राहिल्या आणि आमरीन उभी होती. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असतील. कॉर्नर आला, आमरीननं उडी मारून बॉलला बुक्की मारली, बॉल बाहेर गेला आणि ती खाली कोसळली. ती उठेना. मी सवयीनं हाक मारली, "ट्राउटमन." ती उठायला लागली, एका हातावर, दुसरा छातीशी धरून. तिचा चेहरा मी बघितला. माझ्या त्या एका शब्दासाठी उठते आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रेफ्रींना विचारून आत गेलो. ती म्हणाली, "काय नाय चाचा, जरा मुरगळलंय." ग्लोव्ह काढू देईना. मी काढला. मनगट दुप्पट झालेलं, आणि त्याच्याभोवती हिरवट-पिवळं. ताजा मार निळा असतो. पिवळा व्हायला दिवस जावे लागतात. एवढं मला कळतं. टेप का ढिली बसत होती तेही कळलं, डाव्या हाताचा चहा कळला, सरिता कशासाठी घुटमळली ते कळलं. सगळं एकाच वेळी कळलं आणि मला उभ्या जागी माझी लाज वाटली.

"बाहेर चल," मी म्हणालो.

"धाच मिनिटं राहिलीत."

"चल म्हणतो ना."

"ट्राउटमन गेला व्हता का भाईर?" ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या भोवती जमल्या होत्या. "मान मोडली तरी गेला नाय. तुम्हीच सांगितलं."

मी म्हणालो, "त्याला बाहेर जायची सोय नव्हती, बेटा. त्या वेळी इंग्लंडात बदली खेळाडूचा नियमच नव्हता. तो नियम आला नऊ-दहा वर्षांनी. तो गेला असता तर गोलमध्ये गोलकीपरच राहिला नसता. म्हणून थांबला. आणि मरता मरता वाचला. एक मणका दुसऱ्यात अडकून बसला म्हणून वाचला, नाहीतर त्याच मैदानात गेला असता. पुढं कित्येक महिने प्लास्टरमध्ये पडून होता."

ती माझ्याकडं बघत राहिली. "हे तुम्ही नाय सांगितलं."

"नाही सांगितलं."

का नाही सांगितलं ते इथं लिहितो. मला ते सगळं माहीत होतं. सांगितलं असतं तर गोष्ट ढिली पडली असती. मान मोडली, या वाक्यावर थांबलं की लोक श्वास रोखतात. मी त्या रोखलेल्या श्वासाचा भुकेला आहे.

सरिता म्हणाली, "सर, हिला काढलं तर गेली मॅच." तिच्याच डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "जाऊ दे." हे मी म्हणालो, ज्याला एकदा जिंकलेलं बघायचं होतं. आमरीन रेषेबाहेर आली आणि माझ्यापासून लांब, पाठ करून बसली.

गोलमध्ये आवडाबाई गेल्या. ग्लोव्ह्जमध्ये त्यांचे हात शिरेनात, तशाच उभ्या राहिल्या. पहिला बॉल त्यांनी पोटावर घेतला आणि लोक उभे राहून ओरडले. दुसरा आत गेला. तिसरा पायानं काढला. शेवटच्या मिनिटाला चौथा आत गेला. त्या बॉलकडं बघून म्हणाल्या, "ह्याला धरायचं तरी कसं, बाई." कोणी हसलं नाही.

तिथून दवाखाना. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, मनगटातलं छोटं हाड मोडलंय आणि ते आजचं नाही, महिना तरी झाला असेल. अजून एखादा जोराचा मार बसला असता तर मनगट कायमचं आखडलं असतं. हातानं कसलं बारीक काम करता, असं त्यांनी विचारलं.  मी सांगितलं, "टेप गुंडाळते." ते म्हणाले, "मग वेळेत आलात म्हणायचं."

वेळेत काय आलो.

घरी राहतला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुम किस्सा सुनाते वख्त कौन सुन रा सो देखते. किसकू क्या हुआ वो नै देखते."  ताट पुढं केलं तिनं, जेवलो.

मंगळवार, १३ जानेवारी

टेपवाल्या कंपनीला पत्र पाठवलं, लॉट चांगला आहे, चूक आमच्याकडची, माफी असावी. नाव माझंच घातलं.

मग विश्वजीत साहेबांकडं. कंत्राटावरची पोरगी, हात प्लास्टरमध्ये. साहेब म्हणाले, नियमानं रजा मिळेल, पण परत येईपर्यंत टेबलावर दुसरी कोणी बसवावी लागेल, मग बघू. हे "मग बघू" मी तीस वर्षं ऐकतोय. मी म्हणालो, मग बघू नको, आता बघू. टीम कंपनीची, फोटो कंपनीच्या भिंतीवर, मार कंपनीच्या ठोकळ्यांवर लागला. तिची जागा तिचीच राहील असं लिहून द्या. आणि डॉक्टर परवानगी देतील तेव्हापासून माझ्या टेबलावर बसवा, तपासायला एक हात आणि दोन डोळे पुरतात. साहेब म्हणाले, शेखभाई, तुम्ही आवाज चढवताय. मी म्हणालो, हो. बाहेर सरिता, आवडाबाई आणि आख्खी टेपिंगची लाइन उभी होती, नुसती उभी. साहेबांनी लिहून दिलं. मला वाद घालता येतो, हे मी विसरलो होतो. बरं वाटलं.

आमरीनला फोन केला. तिनं ऐकून घेतलं, "ठीकय" म्हणाली आणि ठेवला. चाचा म्हणाली नाही.

सोमवार, १९ जानेवारी

काही नाही. तिचा फोन नाही. मीही केला नाही. करायला पाहिजे होता.

शनिवार, २४ जानेवारी

विश्वजीत साहेबांचा निरोप होता, पुढच्या वर्षीही टीम काढायची, आजपासून सुरुवात करा. मला वाटलं कोणी येणार नाही. कॅन्टीनमध्ये गेलो तर बसायला जागा नाही. जुन्या सगळ्या आणि नव्या आठ-नऊ. आवडाबाई गोलमध्ये उभ्या राहिल्याचा व्हिडिओ सगळ्या शेंद्र्यात फिरला आहे, त्या स्वतःच तो सगळ्यांना दाखवतात.

आमरीनही आली होती. हात गळ्यात अडकवलेला. डॉक्टरांनी सोमवारपासून माझ्या टेबलावर बसायला परवानगी दिली आहे, हे तिनं मला नाही, सरिताला सांगितलं.

चहा झाला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. नव्यांपैकी एकीनं विचारलंही, "सर, आज कोणाची गोष्ट?" माझ्याकडं एक तयार होती, १९७३ च्या फायनलमधल्या सुंदरलंडच्या गोलकीपरची, एकामागोमाग दोन बॉल काढले त्यानं. मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि गोष्ट बाहेर येईना. गोलकीपरचीच कशाला काढायची, असं वाटलं. मग दुसरी कुठलीच आठवेना. हे माझ्या बाबतीत कधी घडलेलं नाही.

आमरीन बाकावरून उठली. "आज मी सांगते," म्हणाली. "करमाडच्या आमरीनची."

मी खाली बसलो. तिच्या जागेवर, मागच्या बाकावर.

ती सांगायला लागली. तिला माझ्यासारखं आवाज वरखाली करता येत नाही, एका सुरात सांगते, तरी कोणी कपाला हात लावला नाही. ती ठोकळ्यांवर कशी पडली, रात्री हात उशाखाली दाबून कशी झोपली, आईला सांगितलं भाजलंय म्हणून. तिला डाव्या हातानं पोळी लाटताना बघून आई हसली. सरिताला शपथ घातली. टेप गुंडाळताना दात कसे आवळून धरायची. ते पडणं सोडलं तर यातलं मला काहीच माहीत नव्हतं. टेपचं तर माझ्या टेबलापासून दहा पावलांवर घडलेलं.

नव्यातल्या एकीनं विचारलं, "आणि तवा सर काय करत व्हते?"

"सर टाळ्या वाजवत व्हते," आमरीन म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण ते खरं होतं.

"मंग तू सांगायचं ना त्यांना," ती नवी म्हणाली.

"सांगितलं असतं तर टीममधून काढलं असतं. कामावरूनबी. मी सांगणार नव्हते." तिनं माझ्याकडं बघितलं. "पण चाचानं विचारलं असतं ना, तर खोटं नसते बोलले. रोज वाट बघायची, आज विचारतील. रोज प्रॅक्टिसला लवकर यायची त्यासाठीच."

 सगळ्या माझ्याकडं वळून बघत होत्या. मला वाटलं काहीतरी मोठं बोलावं, आणि माझ्याकडं मोठं बोलायला पुष्कळ असतं. पण मी तेवढंच विचारलं, जे दीड महिना विचारायचं राहिलं होतं.

"हात दुखतो का, आमरीन?"

"व्हय," ती म्हणाली. "लई दुखतो, चाचा."

आणि मग ती रडली, सगळ्यांसमोर, फायनलनंतर पहिल्यांदाच. सरितानं तिला जवळ घेतलं. आवडाबाईंनी सगळ्यांना पुन्हा चहा ओतला. मैदानावर आज कोणी गेलंच नाही.